वाड्यातले दिवे : पोळा ते आषाढ

अंजनगाव सुर्जीजवळच्या गावात आजोबांचा वाडा आहे. मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागाचे कोरीव खांब. दुरुस्तीनंतर गेल्या पोळ्याला नवे दिवे लावले. आता आषाढ लागलाय.

आधी ओसरीत 6500 केल्विनचे पांढरे बल्ब होते. केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. त्यात चुना निळसर दिसायचा आणि सागाचा तांबूसपणा पार हरवायचा. 2700 केल्विनचे लावले नि खांबांवरची वेलबुट्टी पुन्हा दिसू लागली. पण नुसता केल्विन पाहून बल्ब घेऊ नका. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा मुखवट्यांपुढे आई थबकली, "कुकू असं तपकिरी काऊन दिसते रे?" बल्ब पिवळाच होता, पण सीआरआय 80 चा. सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचे 100 पैकी गुण. अशा एलईडीत गडद लाल रंग बहुतेक वेळा फिकाच पडतो. त्याच जागी 90 च्या वरचा, आर9 (गडद लाल रंगाचे वेगळे गुण) चांगला असलेला बल्ब लावला, तेव्हा कुंकू लालभडक दिसलं. महाग पडतो, तरी देवघरात आणि स्वयंपाकघरात मी दुसरा लावणार नाही.

वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारू दिली नाही. वायर तुळयांच्या वरून फिरवली, खाली उतरते तिथे लाकडी पट्टी. बल्ब कोनाड्यांत आड ठेवले. डोळ्यांवर उजेड येत नाही, फक्त भिंत उजळते. रात्री ओसरीवर बसायला यामुळेच बरं वाटतं.

चुकलं ते चौकात. खांबांच्या पायथ्याशी जमिनीत दिवे बसवले होते. पहिल्याच पावसात काचेवर चिखल आणि मेलेल्या किड्यांचा थर साचला, एकात पाणीही शिरलं. ते काढून तुळईवरून खाली झोत सोडला. पिवळ्या उजेडाकडे पाखरं पांढऱ्यापेक्षा कमी येतात, हे मात्र खरं.

मे महिन्यात दोन ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे डबे, गेले. ते टिनाच्या छपराखाली, बंद माळ्यावर ठेवले होते. आतले कपॅसिटर उन्हाच्या तापाने लवकर सुकतात. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आता सगळे ड्रायव्हर देवडीतल्या गार भिंतीवर, हवा खेळेल अशा पेटीत आहेत. विजा कडाडल्या की व्होल्टेज क्षणभर एकदम उसळतं, म्हणून अर्थिंग नव्याने करून ती उसळी अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला. त्यानंतर एकही दिवा गेलेला नाही.

माडीचा जिना राहिलाय. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, वरून उजेड सोडला की आपलीच सावली पायाखाली येते. तिथे पायरीलगत, घोट्याच्या उंचीवर दिवे हवेत. ते बसेपर्यंत आई अंधार पडल्यावर माडीवर जात नाही.