संघर्ष आणि धोरण यांत काम करायचंय: मानवशास्त्र घ्यावं की आंतरराष्ट्रीय संबंध?

युद्ध, शांतता, सार्वजनिक धोरण यांत काम करायचं ठरवलं, की पदव्युत्तर शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आपसूक पुढे येतो. मानवशास्त्राचा बहुतेक जण विचारही करत नाहीत. तो करायला हवा, आणि काहींनी तर तेच आधी निवडावं, असं माझं ठाम मत आहे.

आंतरराष्ट्रीय संबंधांत विचार होतो तो राष्ट्रं, सरकारं, सशस्त्र गट यांचा. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवली जाते. सरकार एका बाजूला असलेल्या लढाईत वर्षभरात किमान २५ माणसं मेली, तर तो सशस्त्र संघर्ष. १,००० मेली, तर युद्ध. व्याख्या इतकी काटेकोर आहे म्हणूनच देशोदेशींची, अनेक दशकांची तुलना शक्य होते. मानवशास्त्रज्ञ एकाच गावात किंवा छावणीत वर्षभर राहतो. भाषा शिकतो. सोयरिकी कुठे होतात, जमिनीचा तंटा कोणाकडे जातो, मेलेल्या माणसाचं काय करतात, हे पाहतो. त्यावरून जगाची आकडेवारी मांडता येत नाही.

पण मेलेल्या माणसाचं काय करतात, यावर एखादी साथ आटोक्यात येणं अवलंबून असतं. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाने ११,००० हून जास्त बळी घेतले. मृतदेहाला अंघोळ घालताना, स्पर्श करताना संसर्ग होत होता, म्हणून संरक्षक पोशाखातली पथकं येऊन देह पिशवीत घालून नेत. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबरच होतं. तरी लोक आजाऱ्यांना लपवू लागले, पथकांवर हल्ले झाले. त्यातच गिनीमध्ये किसी नावाच्या समाजातली एक गरोदर बाई गेली. गर्भासह दफन तिथे निषिद्ध. आधी गर्भ काढला पाहिजे, असा घरच्यांचा आग्रह होता, आणि इबोलात तर ते जिवावर बेतणारं. मानवशास्त्रज्ञ ज्युलियेन अनोको जाणत्या मंडळींशी बोलल्या, तेव्हा कळलं की अशा वेळी दोष निवारणारा विधी परंपरेतच आहे. तो जाणणारा माणूस सापडला, विधी झाला, आणि शरीराला शस्त्र न लावता दफन झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफना’ची कार्यपद्धती जाहीर केली. त्यात कुटुंबाला आणि धर्मगुरूंना स्थान मिळालं.

नोकरीच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संबंधांची वाट सोपी आहे. परराष्ट्र खातं, संशोधन संस्था, माध्यमं, सगळीकडे ही पदवी ओळखीची असते. मानवशास्त्रवाल्याला आपला उपयोग दर वेळी समजावून सांगावा लागतो.

मानवशास्त्र निवडण्याआधी एका गोष्टीचा गंभीरपणे विचार करा. लोक विश्वासाने घरातलं सांगतात; ते पुढे कोणाच्या हाती पडेल? अमेरिकी लष्कराने २००७ पासून इराक आणि अफगाणिस्तानात आपल्या तुकड्यांबरोबर मानवशास्त्रज्ञ आणि इतर सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक पाठवले. उद्देश स्थानिक समाज समजून घेण्याचा होता. पण बंदूकधारी सैनिक शेजारी उभा असताना ‘नाही’ म्हणायची मोकळीक कोणाला असते? मिळालेली माहिती लक्ष्य ठरवायला वापरली जाण्याचाही धोका होता. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने त्याच वर्षी या प्रकल्पाला विरोध नोंदवला. २०१४ मध्ये तो बंद झाला. माझ्या मते विरोध योग्यच होता.

करार, निर्बंध, सत्तेचा समतोल यांचंच कुतूहल असेल, तर आंतरराष्ट्रीय संबंध घ्या. कागदावर चोख असलेलं धोरण गावात का फसतं, हा प्रश्न छळत असेल, तर मानवशास्त्र. मात्र सोबत संख्याशास्त्र शिकाच; गावात कळलेलं इतरांना पटवायला ते लागतं. १९७० च्या दशकात इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या शेतकऱ्यांना जमेल तितक्या वेळा भात लावायला सांगितलं गेलं, कोणाला पाणी कधी हे ठरवणाऱ्या जलमंदिरांचं वेळापत्रक मागे पडलं आणि किडीने पिकं खाल्ली. त्या वेळापत्रकामुळे आधी शेजारची शेतं एकाच वेळी पडीक राहत, म्हणून कीड उपाशी मरत असे. मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी शेतकऱ्यांकडून हे समजून घेतलं आणि एका परिसंस्थातज्ज्ञाबरोबर संगणकावर त्याचं प्रतिमान (मॉडेल) करून दाखवलं. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम नीट वाचा: सलग काही महिन्यांचं क्षेत्रकार्य आणि एक नवी भाषा त्यात नसेल, तर दुसरं विद्यापीठ शोधा.