एनआर२०० केसमध्ये एसएफएक्स एसएमपीएस: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

कॉम्प्युटरची केस (बाहेरचं खोकं), कूलर आणि ग्राफिक्स कार्डाबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याबद्दल आहे आणि बरंचसं लिखाण त्याच्यावरच आहे. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो: विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल किंवा खोली स्लॅबखाली वरच्या मजल्यावर असेल, तर छोट्या केससाठी 'झिरो आरपीएम' (लोड कमी असताना पंखा पूर्ण थांबवणं) बंद करता न येणारा एसएमपीएस घेऊ नका. गोल्ड की प्लॅटिनम हा कार्यक्षमतेच्या दर्जाचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

जोडणी अशी: कूलर मास्टर एनआर२०० (१८.२५ लिटर), प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० टीआय, कूलर थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. खाली हवा आत घेणारे १२० मिमीचे दोन पंखे, वर बाहेर टाकणारे दोन. एसएमपीएस एका नावाजलेल्या कंपनीचा, ६५० वॉट, गोल्ड, फुल मॉड्युलर (सगळ्या वायरी सुट्या होणारा), ९२ मिमी पंख्याचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण पंखा बंद ठेवायची ही पद्धत अनेक कंपन्यांच्या एसएफएक्समध्ये, म्हणजे छोट्या मापाच्या एसएमपीएसमध्ये, आहे आणि एकीला टाळून प्रश्न सुटत नाही.

आधी वॉटचा हिशेब, कारण दुकानात इथेच जास्त पैसे जातात. ७६०० ची कागदावरची टीडीपी (उष्णतेचा ठरवून दिलेला आकडा) ६५ वॉट असली तरी सॉकेटची मर्यादा, म्हणजे पीपीटी, ८८ वॉट आहे. कार्डाचे १६०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून आणखी ४०-४५. दोन्ही एकदम पूर्ण ताणले तरी ३०० वॉटच्या आत. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे ६५० भरपूर झाला. ८५० घ्यायला सांगणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब दाखवा. एसएफएक्सला त्याच वॉटच्या एटीएक्सच्या (नेहमीच्या मोठ्या मापाच्या एसएमपीएसच्या) दीडपट तरी पैसे पडतात, त्यात वरचे २०० वॉट नुसते पडून राहतील. मग ४५० का नको? त्याचं कारण वीज आहे, ते पुढे येईल.

आता पंखा. एसएफएक्सचं माप १२५ × ६३.५ × १०० मिमी, म्हणजे आकारमान ०.८ लिटरसुद्धा नाही. साधा १४० मिमी खोलीचा एटीएक्स १.८ लिटरचा. सर्किट तेच, कपॅसिटर तेवढेच, जागा निम्म्याहून कमी. ३०० वॉट देताना कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीतून ३३३ वॉट ओढले जातात आणि ३३ वॉटची उष्णता या डबीतच राहते. ती बाहेर काढायला ९२ मिमीचा पातळ पंखा, आणि तोही लोड कमी असताना थांबवलेला.

जाहिरातीत याला शांततेचं वैशिष्ट्य म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत ते खरंही वाटतं. लिहिणं, ब्राउझर, व्हिडिओ पाहणं यात एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही आणि मशीन चालू आहे हे दिव्यावरूनच कळतं. थंडीत मी याला दहापैकी नऊ गुण दिले असते.

मार्चमध्ये खोली ३४-३५ अंशांवर गेली आणि चित्र बदललं. पंखा थांबलेला असताना आतलं तापमान हळूहळू चढतं, ठरावीक उंबरठा ओलांडला की पंखा एकदम जोरात सुरू होतो, दोन-तीन मिनिटांत आतला भाग थोडा निवतो, पंखा पुन्हा थांबतो. मग तेच चक्र. सुरू होण्याचं आणि बंद होण्याचं तापमान यांत पुरेसं अंतर ठेवलेलं नसल्याने हे होतं. अंतर १५ अंशांचं ठेवलं असतं तर पंखा एकदा सुरू झाल्यावर बराच वेळ संथ फिरत राहिला असता. संथ, सलग आवाजाचा त्रास होत नाही, दर काही मिनिटांनी उठणाऱ्या घुर्र आवाजाचा होतो.

आवाज सोडा, नुकसान दोन ठिकाणी होतं. पंख्याच्या बेअरिंगवर सर्वांत जास्त ताण सुरू होताना येतो. सलग संथ फिरणारा पंखा वर्षानुवर्षं चालतो. दिवसातून शेकडो वेळा उठबस करणारा, त्यात धूळ शिरलेला स्लीव्ह बेअरिंगचा पंखा एक दिवस उठत नाही. दुसरं नुकसान कपॅसिटरचं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर साधारण १६,००० तास चालेल, ६५ वर ३२,०००. रोज आठ तास वापरात हा फरक साडेपाच आणि अकरा वर्षांचा आहे. पंखा थांबवून मिळालेली शांतता या वर्षांतून वसूल होते.

एप्रिलच्या शेवटी पंखा नेमका असाच उठेनासा झाला. गेम सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की मशीन खट्कन बंद. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, लगेच बटण दाबलं तर काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी निमूट चालू. असं होत असेल तर आधी रॅम आणि विंडोजच्या मागे लागू नका. क्रम असा ठेवा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद उघडा. बगचेक कोड शून्य असेल तर विंडोज कोसळलेलं नाही, वीजच तुटली असण्याची शक्यता जास्त. मग एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंद फाइलमध्ये चालू ठेवून पुन्हा लोड द्या आणि बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळी पाहा. प्रोसेसर ९५ आणि कार्ड ८३-८५ च्या खाली असतील तर तेही सुटले. आता वेळ बघा. लोड देताच किंवा गेमचं दृश्य बदलताच क्षणात बंद होत असेल तर संशय कार्डाच्या क्षणिक झटक्यांवर घ्या, एटीएक्स ३.० मानकानुसार बनलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलायला हवा, जुन्या रचनांमधले काही इथे हरतात. अर्ध्या तासाने बंद होऊन थंड झाल्यावरच चालू होत असेल तर एसएमपीएसचं तापमान-संरक्षण काम करतंय. खात्रीसाठी कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. बंद पडायची वेळ लांबली तर निदान पक्कं. मल्टिमीटरने १२ व्होल्ट मोजत बसू नका, मिलिसेकंदांचे झटके त्याला दिसत नाहीत.

शेवटी टॉर्च घेऊन जाळीतून पाहिलं. बाहेर येणारी हवा भट्टीसारखी, पंखा जागेवर. उघडायचा मोह आवरा. वॉरंटी जाते हे तर आहेच, पण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव मात्र संताप आणणारा. काउंटरवर टेस्टरला जोडला, सगळे दिवे हिरवे, "सर, एसएमपीएस ओके आहे". पंखा फिरत नाही म्हटलं तर उत्तर, "झिरो आरपीएम आहे ना, नॉर्मल आहे". म्हणजे ज्या सोयीमुळे पंखा अडकला, तिच्याच आडून अडकलेला पंखा निरोगी ठरतो. टेस्टर मोजून काही वॉटचा लोड देतो, त्यात पंखा फिरणं अपेक्षितच नाही. मग पुढचा पवित्रा, "घरी अर्थिंग नसेल".

तिथे जाण्याआधी एवढी तयारी ठेवा. लोड चालू असताना पंखा थांबलेला आणि शेवटी मशीन बंद पडतंय असा सलग व्हिडिओ. पक्कं बिल आणि सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंगचा मुद्दा संपतो. (केसला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र अर्थ खरंच तुटलेला आहे, तो आधी जोडून घ्या.) तक्रार जॉबशीटवर "लोडखाली पंखा सुरू होत नाही, तापून बंद पडतो" या शब्दांत लिहून घ्या, "चालत नाही" असं लिहिलं की "चालतो" म्हणून परत येतो. निम्म्याहून जास्त लोडवर तासभर चाचणी मागा. तरीही टाळाटाळ झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. व्हिडिओ आणि तिथला तक्रार क्रमांक दाखवल्यावर बदली युनिट मंजूर झालं.

अपडेट, मे: बदली युनिट सीलबंद ठेवून एसएफएक्स-एल घेतला आहे, १२० मिमी पंख्याचा, मागे झिरो आरपीएम बंद करायचं बटण असलेला. आधी माझं मत होतं की एनआर२०० मध्ये एसएफएक्स-एल म्हणजे उगाच अडचण. ते बदललं. एसएमपीएसची खोली १०० ऐवजी १३० मिमी होते, वायरींची जागा ३० मिमीने घटते, हे खरं आहे आणि २४-पिनची जाड वायर वळवताना बोटं दुखतात. पण पंखा सलग संथ फिरतो, बाहेरची हवा कोमट असते, आणि ३८ अंशांच्या खोलीत तीन तास गेम चालून मशीन बंद पडलेलं नाही. बसवताना पंख्याची बाजू जाळीच्या पॅनेलकडे ठेवा. आतल्या बाजूला केलीत तर कार्डाने टाकलेली १६० वॉटची गरम हवाच तो ओढेल. आणि खोक्यावर वॉटशेजारी तापमान शोधा: ६५० वॉट ४० अंशांना की ५० ला? ४० चा आकडा उन्हाळ्यातल्या छोट्या केसमध्ये सहज ओलांडला जातो.

जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर वायरी नव्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम नसतो, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बदलू शकतो. चुकीची सॅटा वायर एसएसडीला ५ च्या जागी १२ व्होल्ट देते, ड्राइव्ह कायमची जाते. १२व्ही-२x६ कनेक्टरचं मोठं कार्ड असेल तर वायर कनेक्टरपासून ३५ मिमी सरळ राहून मग वळली पाहिजे. पॅनेल तिला दाबत असेल तर ते कार्ड या केससाठी नाही.

कूलरबद्दल थोडक्यात. पीअरलेस असॅसिन १५५ मिमी उंच आणि केसची मर्यादाही १५५. रॅमवर उंच हीटस्प्रेडर असेल तर पुढचा पंखा वर सरकतो आणि पॅनेल बसत नाही, म्हणून कमी उंचीची रॅमच घ्या. रायझन ७००० मालिका ९५ अंशांपर्यंत चालायला बनवलेली आहे, तरी तिला ८८ वॉट ओढू देण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये पीपीटी ६५ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे २० केल्यावर ३६ अंशांच्या खोलीत रेंडरिंग करताना ८८-९० वरून ७५ च्या आसपास आलं, गेममध्ये फरक जाणवला नाही. उणे २० प्रत्येक चिपला झेपेलच असं नाही. मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवून पाहा, अस्थिरता लोडपेक्षा रिकाम्या वेळी जास्त उघडी पडते. दहा लिटरच्या केसमध्ये टॉवर मावत नाही, तिथे ३७ मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल९ए किंवा ४७ मिमीचा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ लागतो, आणि मग ही ६५ वॉटची मर्यादा सक्तीचीच समजा. लिक्विड कूलर मी घेतला नाही, घेणारही नाही. खोली ३८ ला असेल तर रेडिएटरलाही ३८ चीच हवा मिळते, वर बिघडायला पंप वाढतो.

४५० ऐवजी ६५० का, तर वीज. पूर्ण लोडवर चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. अर्ध्या लोडवर कपॅसिटर उशिरा रिकामे होतात आणि ही वेळ वाढते. यूपीएस बॅटरीवर जायला लागणारे काही मिलिसेकंद यात बसतात. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर असू द्या, साध्या मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. मशीनचे ३३३ आणि मॉनिटरचे २५-३० धरले की तो काठावर येतो, म्हणून ११०० व्हीएच्या खाली जाऊ नका. बॅटरीवर गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यांची लहर देणारे स्वस्त यूपीएस काही अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसना मानवत नाहीत. विकत घेण्याआधी दुकानातच गेम चालू ठेवून प्लग काढून पाहायची परवानगी मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ओळखीचा दुकानदार हे करू देतो.

अपडेट, पावसाळा: खालच्या पंख्यांच्या जाळीवर ओलसर धूळ नमद्यासारखी बसते, महिन्यातून एकदा काढून धुवा आणि पूर्ण वाळवूनच लावा. एसएमपीएसमध्ये ब्लोअर मारताना पंख्याचं पातं लाकडी काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या झोताने तो मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं. झिरो आरपीएम ऑक्टोबर हीट संपेपर्यंत बंदच ठेवणार आहे.