आरव्ही पार्क नदीला लागून घ्यायचा की वरच्या टप्प्यावरचा?

नदीखोऱ्यात आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन जायचं म्हटलं की सगळे आधी पाण्यालगतचा पार्क, म्हणजे ती मुक्कामाला लावायची जागा, शोधतात, आणि खरंय, सकाळी दार उघडलं की समोर नदी, याला तोड नाही. पण ती जागा पाण्यापासून किती उंच आहे ते आधी बघाच, कारण आपल्या इथे थेंब नसला तरी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की नदी रात्रीतून चढते आणि मऊ मातीत रुतलेली जड गाडी अंधारात काढणं म्हणजे जीवाशी खेळ. शिवाय रात्रीची थंड हवा उतरून खाली साचते, मग धुकं, दमट गाद्या. डास तर असतातच.

वरच्या पार्कला वारा जास्त, नदीपर्यंत चालावं लागतं. पण जमीन घट्ट, गाडी लेव्हल करायला सोपी, सोलरला ऊनही मोकळं मिळतं.

वीज दोन्हीकडे विचारा, 120 व्होल्टच्या 30 अँपिअर कनेक्शनवर जेमतेम 3,600 वॉट मिळतात, एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडू शकतो.

मुलं सोबत असतील किंवा दिवस पावसाचे असतील तर मी डोळे झाकून वरचाच घेईन. कोरड्या दिवसांत एकदोन रात्री नदीकाठ चालेल, तोही गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून.