बर्डीवरचं स्कॅनिंगचं दुकान: आधी विचारतात, मग मशीन लावतात

आमचे आबाजी नागपूरच्या एम्प्रेस मिलमधे होते. त्यांचा एकच फोटो घरी आहे, मिलच्या पासवरचा, दीड बाय दोन इंच, खांद्यावर जांभळा शिक्का. आजीसाठी तो मोठा करून फ्रेम करायचा होता. आधी घराजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेली, त्यानं 200 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 200 ठिपके) स्कॅन करून पीडीएफ पाठवली, म्हणे एकदम क्लिअर आहे. मोबाईलवर दिसतही होती क्लिअर, पण प्रिंट काढली तर डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन अन् मिशीचा काळा पट्टा. फार जिवाला लागलं.

मग मैत्रिणीनं बर्डीवरचं, म्हणजे सीताबर्डीतलं, हे दुकान सांगितलं. काकांनी पास हातात घेतला अन् पहिलंच विचारलं, "प्रिंट केवढी पाहिजे ताई?" 6 बाय 8 म्हटलं, तर तिथंच बिलाच्या मागे हिशोब मांडला. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके लागतात, फोटो चौपट वाढवायचा, म्हणजे 1200 वर स्कॅन पाहिजे. 200 वर या फोटोचे 300 बाय 400 पिक्सेलच येतात, 6 बाय 8 वर ताणले की इंचाला 50 उरतात, फाटणारच ना. मी म्हटलं मशीनवर तर 9600 लिहिलंय, तेच लावा, तर म्हणे, "तिथं खऱ्या ठिपक्यांच्या मधले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजानं भरते ताई, ऑप्टिकल, म्हणजे मशीन स्वतः जेवढं बघते, तेवढंच खरं." मग काच मऊ कपड्यानं पुसली, फोटोवरची धूळ ब्लोअरनं उडवली कारण 1200 वर धुळीचा कणही खड्ड्यासारखा दिसतो, अन् स्कॅन झाल्यावर स्क्रीनवर झूम करून दाखवलं. मिशीचे केस वेगवेगळे दिसत होते, डाव्या भुवईवरची खूण पण, जी मी आजीच्या तोंडून फक्त ऐकली होती.

सोबत सातबारा, बाबांची टीसी, जुन्या मार्कशीट पण नेल्या होत्या. त्या सगळ्या 300 वर केल्या, जास्त पैसे मिळत असून 600 लावलं नाही, हे मला फार आवडलं. डीपीआय दुप्पट केला की फाईल चौपट होते, ए-फोर रंगीत पान 300 वर कच्चं, म्हणजे फाईल न दाबता, 25 एमबीच्या आसपास अन् 600 वर 100 च्या वर, वाचायला मात्र तेवढंच. पेपरातल्या एका जुन्या कात्रणाच्या फोटोवर जाळीसारखे पट्टे येत होते, तिथं डीस्क्रीन (छपाईच्या ठिपक्यांची जाळी घालवायची सेटिंग) चालू केलं अन् ते बरेच गेले.

गर्दी खूप राहते, ॲडमिशनच्या दिवसांत तर तासभर उभं राहावं लागते, अन् 1200 चा स्कॅन हळू होते म्हणून मागचे लोक कटकट करतात. शक्यतो सकाळी जा. पेनड्राइव्ह घरून न्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेतला तर तो दाबून लहान होते, घ्यायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.