जुन्या मृत्यू नोंदीची नक्कल: ग्रामपंचायत, तहसील कचेरी आणि पोर्टल यांचा अनुभव

वारसाच्या कामासाठी जुनी मृत्यू नोंद काढून देणारी सरकारी सेवा बाहेरून वाटते त्यापेक्षा बरीच चांगली आहे. मात्र अर्जदाराने कोणती तयारी करून यावे, हे कोणत्याही खिडकीवर लिहिलेले नसते आणि बहुतेक माणसे तिथेच अडतात. आमच्या पणजोबांच्या नावावर जमिनीचा एक गट तसाच राहून गेला होता आणि त्यासाठी त्यांच्या मृत्यूचा पुरावा हवा होता. घरातील कोणालाही नक्की साल सांगता येत नव्हते. ‘स्वातंत्र्याच्या आधी’ एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

एवढ्या माहितीवर कोणतेही कार्यालय शोध घेऊ शकत नाही आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. नोंदवह्या गावनिहाय आणि सालनिहाय असतात, नावांची अनुक्रमणिका बहुधा नसते. म्हणून आधी साल शोधावे लागते आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे जुना वारस फेरफार, म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर जमिनीवर वारसांची नावे लावल्याची नोंद. बाकीच्या जमिनीचा फेरफार पूर्वीच झाला असल्याने त्यात ‘खातेदार मयत’ या शब्दांपुढे तारीख आणि वारसांची नावे होती. महाभूमी या सरकारी जमीन-दप्तराच्या संकेतस्थळावरील ई-अभिलेख सेवेत स्कॅनिंग झालेल्या तालुक्यांचे असे जुने फेरफार घरबसल्या पाहता येतात आणि या संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक समाधान देणारी सेवा हीच ठरली. ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांनी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत चौकशी करावी; अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला गेलेल्या वंशजांनी तिथे पूर्वजांची नावे लिहून ठेवलेली असतात. हा पुरावा दाखल्याची जागा घेत नाही, पण कोणती वही उघडायची हे त्यावरून ठरवता येते.

सालाइतकेच ठिकाणही महत्त्वाचे आहे. मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते. साताऱ्याकडच्या माणसाचा मृत्यू परळच्या केईएम रुग्णालयात झाला असेल, तर नोंद मुंबई महापालिकेत शोधावी लागते आणि गावच्या ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी ती सापडत नाही.

ग्रामपंचायतीत मला पहिले उत्तर तोंडी मिळाले, ‘इतकं जुनं आमच्याकडे नसतं.’ त्यावर मी एवढेच म्हटले, “भाऊसाहेब, नसलं तर तसं लेखी द्या, मी अर्ज देतो.” लेखी अर्ज हातात पडताच कपाट उघडले गेले, वह्या पाहिल्या गेल्या आणि जुने दप्तर तहसील कचेरीत जमा असल्याचे पत्र मिळाले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार कोणाही व्यक्तीला नोंदवहीत शोध घेण्याची मागणी करता येते. त्यामुळे ही मागणी म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे, हे प्रत्येक अर्जदाराने मनात पक्के धरावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळणे हाही आपला हक्क आहे. पोच न घेता खिडकीपासून हलू नये, कारण पुढे अपील करायचे झाल्यास तोच एक आधार उरतो.

खरा ऐवज तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहे. विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात आणि इतरत्र गाव नमुना 14 म्हणून ओळखतात, त्या जन्म-मृत्यूच्या वह्या तिथे रुमालांत बांधून ठेवलेल्या असतात. नक्कल अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून मी गाव, अंदाजे साल आणि त्याच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षे असा उल्लेख केला होता. अभिलेखपालांनी रुमाल सोडून वही समोर ठेवली तेव्हा कागद कडेने पिवळा पडून तुटत होता, शाई मात्र ठळक होती. मोडी लिपीतील एका ओळीत तारीख, मयताचे नाव, बापाचे नाव, जात, वय आणि मरणाचे कारण असे सर्व होते. कारणाच्या रकान्यात फक्त ‘ताप’ लिहिले होते. फेरफारातील तारीख आणि वहीतील तारीख यांत काही दिवसांचा फरक निघाला, म्हणूनच शोधासाठी आगेमागेची साले ऐसपैस मागावीत. आमच्या गावच्या वहीत बायकांच्या मृत्यूपुढे बहुतेक ठिकाणी त्यांचे स्वतःचे नाव नाही, अमक्याची बायको एवढेच आहे. पणजीची ओळ वाचताना मला त्याचे फार वाईट वाटले, शिवाय अशा नोंदीवरून नाते सिद्ध करणे पुढे किती कठीण जाते हेही कळले.

या कक्षातील माणसे जाणकार आहेत, अडचण मांडणीची आहे. 2023 मध्ये जात प्रमाणपत्रांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अनेक जिल्ह्यांत या वह्यांचे स्कॅनिंग झाले, मोडी वाचणारे बसवले गेले आणि काही नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळांवरही आल्या, याचा लाभ आमच्यासारख्यांना आपसूक झाला. मराठवाड्यातील वाचकांनी निजामकाळातील उर्दू दप्तर आणि फसली सन, म्हणजे त्या काळची महसुली कालगणना, लक्षात ठेवावा. फसली सालात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो.

अलीकडच्या मृत्यूंसाठी मात्र केंद्राचे नागरी नोंदणी पोर्टल पुरेसे आहे आणि दाखला सहीशिक्क्याच्या फेऱ्यांविना मिळतो. त्यात मृत्यूचे कारण नसते, कारण कलम 17 नेच ते उघड करण्यास मनाई केली आहे. विमा कंपनीने कारण मागितल्यास रुग्णालयाचे कागद वेगळे जोडावे लागतात.

शोध घेऊनही नोंद सापडली नाही, तर नमुना 10 मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्यावे. मृत्यूला एक वर्ष उलटून गेलेले असेल, तर उशिराची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. छाननी आता कडक असल्याने फेरफार, शाळेचे दाखले आणि प्रतिज्ञापत्र सोबत ठेवूनच अर्ज करावा.

पोर्टलला मी पाचपैकी चार देईन, ग्रामपंचायतीला तीन आणि अभिलेख कक्षाला साडेतीन. अर्धा गुण मी केवळ अनुक्रमणिकेसाठी राखून ठेवला आहे. स्कॅन केलेल्या वह्यांना गाव, साल आणि नाव अशी सूची जोडली, तर हातातला कागद आणखी तुटण्याआधी तो कोणालाही न हाताळता वाचता येईल. नक्कल घेताना दोन प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि मोडी ओळीचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराच्या सहीनिशी सोबत जोडावे; तलाठी कार्यालयात पहिला प्रश्न त्याचाच विचारला जातो.