टिपांचं मराठी बायबल : चार तारे, पाचवा बारीक अक्षरांपायी गेला

आमच्याकडच्या कॅलेंडरवर दरवर्षी यिर्मया २९:११ असतंच; यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं हे वचन, त्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. मुलीची दहावी असो की माझी बदली, आम्ही तेच वचन म्हणत आलो. या बायबलातली तळटीप वाचली आणि गप्पच झालो. हे वचन बाबेलात (बॅबिलोनात) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यरुशलेमेहून धाडलेल्या पत्रातलं! आदल्याच वचनात परतायला ७० वर्षं लागतील असं सांगितलंय. त्याआधी : घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. म्हणजे पत्र ऐकणारे बरेचसे परत फिरलेच नसणार. आणि मी ते लॉटरीच्या तिकिटासारखं वाचत होतो!

बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, ८व्या अध्यायात, रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत निघालेल्या कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशच्या) अधिकाऱ्याला सुवार्तिक फिलिप्प विचारतो, वाचताय ते कळतंय का? रथातला तो माणूस मीच.

नकाशे छान. स्तोत्रांवरच्या टिपा मात्र उरकल्यासारख्या. कागद इतका पातळ, की मागचं पान पुढं दिसतं. टिपा मुंगीच्या पावलांएवढ्या. बायकोचं सुईत दोरा ओवायचं भिंग आता माझ्याकडेच असतं, त्यावरून रोज बोलणी खातो. बुधवारच्या प्रार्थनेला तरी हेच नेतो, भिंगासकट.