एमराल्ड बे स्टेट पार्क, लेक टाहो: उतरताना मजा, चढताना आई

आईबाबा पुण्याहून आले की टाहो दाखवायचंच, हा आमच्या बे एरियातल्या (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घराचा नियम. पार्किंग लहान आहे, म्हणून सकाळी आठच्या आत पोचलो. वरून तळं पाहून आई गप्प झाली, हे क्वचितच घडतं.

खाली काठापर्यंत मैलभर उतार. "सिंहगड चढलेय मी," म्हणत ती निघाली. पण तळंच सहा हजार फुटांवर, त्यामुळे परतताना दर वळणावर बूड टेकवायला दगड शोधावा लागला. पाण्याची बाटली आणि बूट हवेतच. मी शहाणा चपला घालून गेलो होतो.

खाली १९२९ सालचा व्हायकिंग्सहोम वाडा. छपरावर चक्क गवत! बाबा म्हणाले, "आपण कौलांवरचं उपटतो, हे मुद्दाम लावतात."

समोर टाहोमधलं एकुलतं एक बेट, माथ्यावर दगडी खोलीचे अवशेष. तिथे म्हणे वाड्याच्या मालकीणबाई चहा प्यायच्या. आम्ही काठावर धपाटे खाल्ले. पाण्यात पाय घातला आणि तितक्याच वेगाने काढला. ऑगस्टमध्ये!

पाचात साडेचार. अर्धा गुडघ्यांसाठी कापला.